ठिसूळ हाडे, दुखरे गुडघे आणि बेताचा व्यायाम

आमच्या लोणारला उतार फार. गाव वर, तळे खाली. काठापासून पाण्यापर्यंत सव्वाशे मीटरांहून जास्त खोली आहे. नवरात्रात खाली कमळजा देवीला जायची वहिवाट आहे. बाया ओटी घेऊन, लेकरांना हाताशी धरून उतरतात. आम्ही लहानपणापासून हे पाहत आलो. पण पन्नाशी उलटली की पुष्कळ बाया वरच थांबतात. "तुमी जा माय, माह्ये गुडघे धरले," असे म्हणतात आणि ओटी सुनेच्या हाती देतात.

चढताना दम लागतो. पण गुडघा जास्त दुखतो तो उतरताना. याला कारण आहे. सपाटीवर चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. पायऱ्या उतरताना तो तिपटीहून जास्त होतो. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या बाईच्या गुडघ्यावर एकेका पायरीला दीड क्विंटलहून जास्त दाब पडतो.

हे आम्हाला शाळेत कोणी शिकवले नव्हते. आम्हीही पोरांना शिकवले नाही. आम्ही मॅट्रिक शिकलेले मास्तर, डॉक्टर नव्हे. जे कळले ते घरात ठेच लागल्यावर कळले. तेच येथे सांगत आहोत.

घरात काय घडले

२०२० साली जून महिन्यात आमच्या तळ्याचे पाणी गुलाबी झाले. वर्तमानपत्रांत फोटो आले. त्याच पावसाळ्यात आमच्या सौ. न्हाणीत घसरल्या. पडताना हात टेकला आणि मनगट मोडले. प्लास्टर घातले, दीड महिन्याने काढले, हाड जुळले. पाय घसरला म्हणून हाड मोडले, असे आम्ही धरून चाललो.

येथे आमची पहिली चूक झाली. झाडावरून पडून हाड मोडले तर गोष्ट वेगळी. पण उभ्या माणसाचा नुसता तोल जावा आणि तेवढ्याने हाड मोडावे, हे बरे लक्षण नव्हे. पन्नाशीनंतर असे झाले तर हाडे ठिसूळ झाली आहेत का, हे डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. आम्ही विचारले नाही.

पुढे त्यांची पाठ दुखू लागली. फडताळातल्या वरच्या फळीवरचा डबा त्यांना पूर्वी सहज काढता येई. आता हात पुरेना. आम्ही हसून म्हणालो, "फळी वर गेली की काय?" फळी कुठली वर जाते? उंचीच कमी झाली होती. तरुणपणच्या उंचीपेक्षा दीड-दोन इंच कमी झाले तर पाठीचा मणका चेपला असण्याचा संभव असतो. हेही आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

अशात एका गावी व्यायामाचे शिबिर भरले. पाठदुखीवर तेथे गुण येतो असे कोणीतरी सांगितले. आम्ही दोघेही गेलो. शिकवणारा तरुण मोठा उत्साही. वीस वर्षांची पोरगी आणि साठीची आजी एकाच रांगेत उभी. सर्वांनी कमरेत वाकायचे आणि पायाचे अंगठे धरायचे. कोणाला काय दुखणे आहे ते त्याने विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही. उलट सौ. मागे राहू लागल्या तेव्हा "वाक, वाक, होईल सवय" असे आम्हीच म्हणालो. चौथ्या दिवशी वाकता वाकता पाठीत कट् असा आवाज झाला. त्या खाली बसल्या त्या उठेनात.

एक्स-रे काढला. पाठीचा एक मणका पुढच्या बाजूने चेपला होता. दुसरा एक आधीच चेपलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "हाडे ठिसूळ झाली आहेत."

मग आम्ही दुसरी चूक केली. व्यायामाने घात झाला, तर आता हालचालच नको, असे ठरवले. तीन महिने त्यांना बाजेवर बसवून ठेवले. पाणी हातात, ताट हातात. आम्हाला वाटले, आपण सेवा करत आहोत. तीन महिन्यांनी पाहावे तर मांड्या वाळलेल्या, उठताना दोघांचा हात लागे, आणि पडायची भीती पहिल्यापेक्षा जास्त. दुखऱ्या हाडाला चार दिवस विसावा हवा हे खरे. पण पडून राहिलेल्या माणसाचे हाड आणखी झिजते आणि स्नायूही जातात.

वाकणे नडले, बसून राहणेही नडले. मग करायचे काय?

हाड जिवंत असते

हाड म्हणजे दगड, असे आपण समजतो. ते खरे नाही. हाड जिवंत आहे. त्यात रक्त खेळते. त्यात रात्रंदिवस दोन तऱ्हेचे कामकरी राबत असतात. एक जुने हाड खणून काढतात, दुसरे तेथे नवे भरतात. लहानपणी भरणे जास्त, खणणे कमी, म्हणून हाड वाढते. तिशीच्या सुमारास हाड सर्वांत भक्कम असते. पुढे हळूहळू खणणे वरचढ होते. बाईची पाळी गेली की काही वर्षे हे खणणे फार वेगाने होते. कारण हाडे राखणारा एक रस बाईच्या अंडाशयात तयार होतो आणि पाळी जाताना तो आटतो. म्हणून हे दुखणे बायांत जास्त. पुरुष सुटले असे मात्र नाही. त्यांना ते उशिरा गाठते.

वाळवी लागलेला वासा बाहेरून चांगला दिसतो. बोट दाबले की आत जाते. ठिसूळ हाड तसेच असते. ते मोडेपर्यंत दुखत नाही. पहिले लक्षण म्हणजे बहुधा मोडलेले हाडच. मनगट, पाठीचा मणका आणि खुबा या तीन जागा जास्त धोक्याच्या.

येथे एक गोष्ट आयाबहिणींना बजावून सांगावीशी वाटते. काही बायांची पिशवी तरुणपणीच काढून टाकतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असेल तर पाळी एकदम जाते आणि हाडांची झीज लवकर सुरू होते. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या अशा शस्त्रक्रिया फार झाल्या, म्हणून २०१९ साली राज्य शासनाने चौकशीसाठी समिती नेमली होती. ज्यांचे असे ऑपरेशन झाले आहे त्यांनी साठीची वाट पाहू नये. डॉक्टरांना आधीच सांगावे.

हाडे पोखरणाऱ्या आणखीही गोष्टी आहेत. तंबाखू, बिडी, दारू, अर्धपोटी राहणे, आणि सांधेदुखीच्या पुड्या. बाजारात कोणी पुडी देतो. "तीन दिवसांत पळायला लागाल," असे म्हणतो. आणि खरोखर दुखणे पळते! अशा काही पुड्यांत स्टेरॉईड नावाचे औषध मिसळलेले सापडले आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत ते मोठे उपयोगाचे औषध आहे. पण नकळत महिनोन् महिने पोटात गेले तर हाडे पोखरते, साखर वाढवते. अशी पुडी कोणी खात असेल तर ती एकाएकी बंदही करू नये, त्यानेही अपाय होतो. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना दाखवावी.

गुडघ्याचे दुखणे निराळे

ठिसूळ हाड आणि झिजलेला सांधा ही दोन दुखणी आहेत. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, म्हणून आपला घोटाळा होतो. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती झिजली की सांधा कुरकुरतो, सकाळी आखडतो, थोडे चालल्यावर मोकळा होतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या रसावर ती पोसते. सांधा हलला, दाब पडला आणि सुटला, की पिळलेले फडके पाणी पिते तसा ती रस शोषते. सांधा हललाच नाही तर तिला खायला कसे मिळावे?

मात्र सांधा लाल झाला, गरम लागला, सुजला, ताप आला, किंवा सकाळी तास-तासभर दोन्ही हातांची बोटे वळेनात, तर ती साधी झीज नव्हे. तेथे व्यायाम सुरू न करता आधी डॉक्टर गाठावा.

वाकणे आणि ताठ होणे

अमेरिकेत मेयो क्लिनिक म्हणून मोठे रुग्णालय आहे. तेथल्या डॉक्टरांनी १९८४ साली एक हिशेब प्रसिद्ध केला. पाठीची हाडे ठिसूळ झालेल्या ५९ बायांचा तो हिशेब होता. काहींना पाठ मागे ताठ करण्याचे व्यायाम दिले, काहींना पुढे वाकण्याचे, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. पुढे पुन्हा एक्स-रे काढून पाहिले. नुसता पाठ ताठ करण्याचा व्यायाम करणाऱ्या २५ बाया होत्या. त्यांतल्या ४ जणींच्या मणक्यांत नवी मोड दिसली. नुसता पुढे वाकण्याचा व्यायाम करणाऱ्या ९ होत्या. त्यांतल्या ८ जणींना मोड होती. काहीच न करणाऱ्या ६ जणींत ४ जणींना.

आम्ही जन्मभर गणित शिकवले. नऊ आणि सहा हे आकडे लहान आहेत, त्यांवरून मोठा नियम बांधू नये, हे आम्हाला कळते. पण आमच्या घरातली बाई त्या आठांतली नववी होती, असे आम्हाला तो हिशेब ऐकून वाटले. मणका पुढून चेपतो. पुढे वाकले की पुढच्या कडेवर सगळा भार येतो. गोष्ट इतकी साधी आहे. ती शिबिरात कोणी सांगितली असती तर!

म्हणून हाडे ठिसूळ असलेल्यांनी पाय सरळ ठेवून अंगठे धरणे, उताणे पडून धड उचलून बसणे, कमरेला जोराचा पीळ देणे हे करू नये. सूर्यनमस्कार उत्तम व्यायाम आहे. आम्ही स्वतः घालतो. पण त्यात वाकणे आहे, म्हणून चेपलेल्या मणक्याच्या माणसासाठी तो नाही.

दुसरे टोकही सांगतो. ऑस्ट्रेलियात हाडे विरळ झालेल्या १०१ बायांवर एक प्रयोग झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला आठवड्यातून दोन दिवस, अर्धा अर्धा तास, चांगली जड वजने उचलायला लावली. आठ महिन्यांत त्यांच्या पाठीच्या हाडांचा भरणा वाढला. मात्र प्रत्येक वेळी जाणकार माणूस शेजारी उभा होता. कसे उभे राहायचे ते आधी शिकवले होते, आणि वजन पायरी पायरीने वाढवले होते. म्हणजे हाडाला भार नको असे नाही. भार हवा. तो कसा आणि किती, हे जाणणारा माणूसही हवा.

तो माणूस कोठे भेटतो?

अशा माणसाला फिजिओथेरपिस्ट म्हणतात. आपल्याकडे ही विद्या फार जुनी नाही. १९५२ च्या सुमारास मुंबईत लहान मुलांच्या लुळेपणाची, म्हणजे पोलिओची, मोठी साथ आली. ती मुले पुन्हा चालती करायला शिकलेली माणसे हवी होती. तेव्हा परळच्या केईएम रुग्णालयात ही विद्या शिकवणारी शाळा निघाली. पुढे १९५५ साली मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची मोठी संस्था उभी राहिली. आता ही पदवी पुष्कळ ठिकाणी मिळते. बारावीनंतर चार वर्षे शिक्षण आणि पुढे काही काळ रुग्णालयात काम करावे लागते. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने यासाठी परिषद नेमली गेली. तिच्याकडे नाव नोंदवावे लागते. म्हणून "आपली पदवी कोणती, नोंदणी क्रमांक कोणता?" असे विचारायला लाजू नये. बैल घेताना आपण दात पाहतोच ना!

मालिशवाला निराळा, हाडवैद्य निराळा. तेल चोळले तर बरे वाटते, त्याला आमची ना नाही. पण कंबर कडाकडा मोडून घेणे, आणि नातवाला पाठीवर चालायला लावणे, हे ठिसूळ हाडाच्या माणसाने कधीही करू नये. नातू दहा-पंधरा किलोचा असतो आणि मणका वाळवीच्या वाशासारखा.

लोणारच्या माणसाने आधी येथल्या ग्रामीण रुग्णालयात जावे. तेथून चिठ्ठी घेऊन मेहकर, चिखली या वाटेने बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जाता येते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत. जाताना जुने एक्स-रे, चालू औषधांच्या रिकाम्या पाकिटांसकट सगळे कागद एका पिशवीत घालावेत. कोणती हाडे कधी मोडली, पाळी कधी गेली, कोणते ऑपरेशन झाले, वर्षभरात किती वेळा पडलो, हे घरीच आठवून लिहून ठेवावे. लिहिता येऊ लागले आहे, त्याचा हा एक उपयोग. हाडांचा भरणा मोजण्याचे यंत्र मोठ्या शहरांत असते. ते लागेल की नाही ते डॉक्टर सांगतात.

सौं.ना ज्या फिजिओथेरपिस्ट बाई भेटल्या, त्यांनी पहिल्या दिवशी एकही व्यायाम दिला नाही. नुसते प्रश्न विचारले. मग एक्स-रे पाहिला. हात न लावता खुर्चीतून किती वेळा उठता येते ते मोजले. डोळ्यांसमोर भिंतीशी उभे केले, चालवले, वळवले. आम्ही मनात म्हटले, भाडे खर्चून आलो आणि काहीच केले नाही. पण शिबिरात जे झाले नव्हते तेच नेमके त्या दिवशी झाले. चांगला जाणकार ओळखायची खूण हीच. जो आधी विचारतो तो बरा. जो आल्याबरोबर शेकण्याचे यंत्र लावतो आणि दहा दिवसांचे पैसे आगाऊ मागतो, त्याच्याकडे दोनदा विचार करून जावे. शेकल्याने दुखणे थोडा वेळ हलके होते. पायात बळ येते ते व्यायामानेच.

त्या बाईंनी आणखी एक विचारले. "काकू, घरी कोणते काम करावेसे वाटते?" सौ. म्हणाल्या, "मला बाकी काही नको. न्हाणीत एकटीला जाता आले पाहिजे." तेथून व्यायाम ठरला.

घरी करायचे व्यायाम

पुढचे व्यायाम त्यांना शिकवलेले आहेत. सर्वसाधारण माणसाला ते सोसण्याजोगे आहेत. तरी ज्याचे हाड मोडले आहे, किंवा ज्याला हृदयाचे दुखणे आहे, त्याने आधी दाखवून घ्यावे.

पहिला, खुर्चीतून उठणे. पक्की, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पाय थोडे फाकवावेत, टाचा गुडघ्यांखाली आणाव्यात. पाठ सरळ ठेवून धड पुढे आणावे आणि उठावे. पाठीचे कुबड करू नये. मग हळूहळू बसावे. धपकन बसू नये, कारण ठिसूळ मणक्याला तो दणका लागतो. पाच वेळा करावे. पुढे दहापर्यंत न्यावे. खुर्ची बसकी वाटली तर वर गोधडीची घडी टाकावी. सौं.नी चार घड्यांपासून सुरुवात केली होती. दर पंधरवड्याला एक घडी कमी केली. आम्ही भिंतीवर खडूने आकडे लिहीत होतो.

दुसरा मांडीचा. बाजेवर किंवा पलंगावर पाय लांब करून, भिंतीला पाठ टेकून बसावे. गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवावी. पाऊल आपल्याकडे ओढावे आणि गुडघ्याने गुंडाळी दाबावी. पाच आकडे मोजावेत, सोडावे. दहा वेळा. याने मांडीचा पुढचा स्नायू बळकट होतो आणि गुडघ्याचा भार तो उचलतो. गुडघा दुखणाऱ्याने दुसरे काही केले नाही तरी हे करावे. हे जमले की उताणे झोपून, एक गुडघा वाकवून, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा.

तिसरा, चुलीच्या ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून टाचा उचलणे. चौथा, भिंतीपासून हातभर दूर उभे राहून दोन्ही तळवे भिंतीवर टेकणे, कोपर वाकवून छाती भिंतीकडे नेणे आणि परत ढकलणे. याने मनगटाच्या हाडाला काम मिळते.

पाठीचा व्यायाम अगदी सोपा दिसतो. ताठ बसावे, हनुवटी आत घ्यावी, पाठीवरचे दोन्ही फरे एकमेकांकडे ओढावेत, पाच मोजावेत. पोटावर झोपून छाती उचलण्याचा व्यायाम याच्या पुढचा आहे. तो शिकवल्याशिवाय करू नये.

तोल सांभाळण्याचा सरावही हवा. कोपऱ्यात उभे राहावे, म्हणजे दोन्हीकडे भिंत मिळते. एका पावलापुढे दुसरे पाऊल लावून दहा आकडे मोजावेत. कोणीतरी जवळ असावे.

व्यायाम करताना श्वास कोंडू नये, मोठ्याने आकडे मोजावेत. बळाचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. चालणे आणि तोल रोज. थोडे दुखले तर घाबरू नये. ते दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमले तर व्यायाम बेताचा आहे. तोपर्यंत राहिले किंवा सूज आली तर जास्त झाला, पुढच्या वेळी निम्मा करावा. छातीत दुखले, चक्कर आली, पाठीत एकदम कळ उठली, पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर तत्काळ थांबावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी.

"गुरुजी, दिवसभर वावरात राबतो, आमाले काऊन पाहिजे व्यायाम?" असे शेजारची बाई म्हणाली. प्रश्न बरोबर आहे. राबण्याने हाडांना काम मिळते, आणि खुर्चीवर बसणाऱ्यापेक्षा तिची हाडे बरी असतीलही. पण निंदण काय, सोयाबीनची सोंगणी काय, सगळे काम कमरेत वाकून. पाठ मागे ताठ करण्याचे काम शेतात एकही नाही. म्हणून पाठीचे स्नायू थकतात, त्यांना उलट दिशेचे बळ मिळत नाही. तासाभराने उभे राहावे, हात कमरेवर ठेवून पाठ सरळ करावी, फरे मागे ओढावेत. चार श्वासांचे काम. मुकादम रागावला तर आमचे नाव सांगावे.

कळशी उचलताना कमरेत वाकू नये. गुडघे वाकवावेत, कळशी पोटाशी धरावी, मग उठावे. एक भरलेला हंडा नेण्यापेक्षा दोन लहान कळशा दोन हातांत बऱ्या. सकाळी उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत, हाताने रेटून बसावे. काठी घ्यायची तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळ लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात. आम्हीही त्यांतलेच होतो. गुडघा दुखत असेल तर खाली मांडी घालून, उकिडवे बसून तासन् तास काम करू नये. पाट उंच घ्यावा.

घर, ताट आणि गोळी

मोडलेला खुबा म्हणजे मोठे संकट. म्हणून न पडणे हाच निम्मा उपचार. न्हाणीत खरखरीत फरशी, भिंतीला एक पक्का दांडा, रात्री संडासच्या वाटेवर दिवा. आमच्या न्हाणीतला दांडा सुताराने अर्ध्या दिवसात बसवला. तो आधी असता तर मनगट वाचले असते, असे आजही मनात येते. काठी, कमरपट्टा, गुडघ्याचा पट्टा यांसाठी पासष्ट वर्षांवरील गरजूंना तीन हजार रुपये देण्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्य शासनाने २०२४ साली जाहीर केली. तिचे चालू नियम समाजकल्याण कार्यालयात विचारावेत.

हाडांना चुन्याचा अंश लागतो, त्याला कॅल्शियम म्हणतात. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या बाईला १२०० लागते. पेलाभर दुधातून साधारण अडीचशे मिळते. ज्वारीत ते फार थोडे असते. तिळात फार भरपूर. भाकरीवर संक्रांतीलाच कशाला तीळ लावायचे, रोज लावावेत. नाचणी मिळाली तर उत्तम. शेंगदाण्याच्या चटणीत तीळ घालता येतात. डाळ, अंडे, हरभरा यांवाचून स्नायू होत नाहीत. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते. ते ऊन अंगावर घेतल्याने कातडीत तयार होते. त्याच्या पुड्या-गोळ्या मिळतात. काही आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. कोणी त्या रोज घेतात. तसे करू नये, अपाय होतो.

हाडे ठिसूळ ठरली तर नुसत्या कॅल्शियमच्या गोळीवर भागत नाही. डॉक्टर वेगळे औषध देतात. एक गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. मग अर्धा तास काही खायचे नाही आणि आडवेही व्हायचे नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. आमच्या घरी ती गोळी रविवारी असते. तो अर्धा तास सौ. ओसरीवर ताठ बसून आम्हाला वर्तमानपत्र वाचायला लावतात. चहाही मिळत नाही.

सात महिन्यांनी त्या एकट्या न्हाणीत गेल्या. कडी लावून घेतली. आम्ही बाहेर उभे होतो. "अहो, जा आता तिकडे," असे आतून म्हणाल्या. चेपलेले मणके पूर्ववत झाले नाहीत. होणारही नाहीत. वरच्या फळीवरचा डबा आम्ही खालच्या फळीवर आणला आहे. खुर्चीतून मात्र आता सलग बारा वेळा उठतात. गोधडीची एकही घडी लागत नाही. नवरात्रात त्या तळ्याच्या काठापर्यंत सपाटीने चालत आल्या. खाली उतरायचा हट्ट त्यांनी धरला नाही. ओटी सुनेच्या हाती दिली, काठावरच्या दगडी ओट्यावर ताठ बसल्या आणि शेजारी येऊन टेकलेल्या दोन बायांना गुडघ्याखाली पंचा कसा ठेवायचा ते सांगू लागल्या. पंचा जवळ नव्हता. म्हणून आमचे उपरणे घेतले.